आक्कांनी लिहिलेला शेरा

शिवकांता आक्का माणसाची ओळख किलोत करून द्यायच्या. मी कोटमाळच्या शाळेवर रुजू झालो त्या दिवशी एक दाढीवाला, चांगला दणकट गडी शाळेच्या फाटकाशी सिमेंटची गोणी खांद्यावरून उतरवत होता. शेजारच्या अंगणवाडीतून एक ठेंगणी, कपाळाला विभूती लावलेली बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "नवे सर व्हय? ह्यो महेबूब. मिस्त्री हाय. दीड किलोचा जन्मला होता. जगंल असं कुणालाच वाटलं न्हवतं." महेबूबनं गोणी खाली ठेवली आणि मान खाली घालून हसला. एवढा मोठा बाप्या परक्या माणसासमोर इतका लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कोटमाळ नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. तालुका कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. पुढं जे सांगायचं आहे ते कुठल्याही तालुक्यात घडू शकलं असतं, घडलंही असेल. मी निलंग्याकडचा. पहिली नेमणूक तिकडं मिळाली म्हणून गेलो आणि अकरा वर्षं राहिलो. गावात वरच्या अंगाला लिंगायतांची आणि मराठ्यांची घरं. जमिनी आणि दुकानं त्यांच्याच. ओढ्याच्या कडेनं गायरानावर खालची गल्ली. तिथं बहुतेक मुसलमान मिस्त्री आणि सेंट्रिंगवाले, थोडी बौद्धांची घरं, चार-पाच तेलुगू बोलणारी वडारांची. आक्का वरच्या गल्लीतल्या, लिंगायत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दिराच्या घरात मागची एक खोली त्यांना होती, आणि नवऱ्याच्या वाटणीची जमीन दीरच कसायचे. अंगणवाडीच्या नोकरीला त्यांना तीस वर्षं होत आली होती. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत त्यांना रागावता येई, आणि प्रत्येक पोराला त्या त्याच्या घरच्या भाषेत रागवत.

पेन कायम अंबाड्यात खोचलेलं. तपासणीला कुणी साहेब आला की पहिला प्रश्न, "जेवलात का?" आणि उत्तर काहीही येवो, त्याच्यासमोर पोरांच्याच खिचडीचं ताट यायचं. साहेबानं दोन घास खाऊन ताट सरकवलं तर आक्का ताटाकडं बघत उभ्या राहायच्या. एकदा एका तरुण अधिकाऱ्यानं अख्खं ताट घामेघूम होत संपवलेलं मी पाहिलं आहे. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता मिरची बदलून देतील बगा." दिली खरी.

लिहिण्यावर मात्र त्यांचा देवावर असावा तसा विश्वास. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं आणि गोल. त्यांच्या लोखंडी पेटीत तीस वर्षांची रजिस्टरं होती; प्रत्येक पोराचं दर महिन्याचं वजन, आजार, लस. दिवाळी झाली की खालची गल्ली हैदराबादला बांधकामावर जाई, पोरंबाळं घेऊन. दुसऱ्या सेविकेनं ती नावं सरळ कमी करून टाकली असती. आक्का प्रत्येक नावापुढं शेरा लिहीत: 'आईबापासोबत हैदराबादला. रमजानला येणार.' किंवा 'पावसाळ्यात येणार.' नाव तसंच राहायचं, आणि पोर गावात पाऊल टाकेल त्या दिवशी त्याचं ताट वाढलेलं असायचं. सुपरवायझर बाईंनी एका बैठकीत सगळ्यांना ते रजिस्टर दाखवलं होतं. मला आक्का म्हणाल्या, "गेलेलं लेकरू परत येतंय सर. कुणीतरी लिवून ठिवलं पायजे, की ते गेलंय, मेलं न्हाई."

त्यांच्या अंगणवाडीत पोरं वजनाच्या क्रमानं बसायची. हे मी दुसरीकडं कुठंही पाहिलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं झाली की रांग नव्यानं लागायची. सगळ्यात हलकं पोर पातेल्याजवळ, सगळ्यात जड दारापाशी. पहिला डाव हलक्याला, तो पोटभर खाईपर्यंत दुसऱ्यांदाही त्यालाच. साहजिकच खालच्या गल्लीतली पोरं पातेल्याजवळ यायची आणि आक्कांचे दीर विश्वनाथ आप्पा यांचा नातू दारात.

आप्पांची सून एक दिवस तणतणत आली. मी वर्ग सोडून खिडकीशी उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. "काकू, आपल्या घरचं लेकरू आन् त्याला दारात बसवता? ती कुनाकुनाची पोरं आत?" आक्का म्हणाल्या, "हे बग, माझ्याकडं जात-बित न्हाई, काटा हाय. ह्याला चार दिवस उपाशी ठिव, पुढं घेते." सून रडत घरी गेली. त्या रात्री घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी नातू दारातच बसला होता, आणि आक्कांच्या डब्यात भाजी नव्हती, नुसती भाकरी आणि तिखट. पुढं चार दिवस तेच.

पण त्यांना संत करून ठेवायचं मला जमणार नाही, त्यांनाही आवडलं नसतं. ईदला महेबूबच्या घरी त्या दरवर्षी जायच्या, आणि जाताना पिशवीत स्वतःची वाटी न्यायच्या. महेबूबची बायको रुखसाना शिरखुर्मा वाढायची तो त्या वाटीत. मी एकदा खवचटपणे विचारलं, "आक्का, पोरांना एकाच पातेल्यातलं वाढता, मग ही वाटी कशाला?" मला वाटलं होतं त्या ओशाळतील. त्या म्हणाल्या, "माजं मन तेवढंच मोठं हाय सर. ज्यादा दाखवून काय करू?" रुखसानाला याचं काही वाटत नसे असं मी म्हणणार नाही. पण ती वाटी घासून, पुसून परत द्यायची, आणि आक्का पुढच्या वर्षी पुन्हा जायच्या. आमच्या गावात एवढंही पुष्कळ होतं. पूर्वी मोहरमची सवारी लिंगायताच्या खांद्यावरून निघायची म्हणतात. मी गेलो तोवर ते बंद पडलं होतं, आणि पारावर पोरांनी एक फळा लावला होता, त्यावर रोज कुणाशी व्यवहार करू नये याबद्दल काहीबाही लिहिलेलं असायचं.

मतदार यादीचं काम आक्कांकडं आधीपासून होतं. अंगणवाडीवाल्यांना आणि आम्हा मास्तरांना असली कामं चिकटवलेलीच असतात. आम्ही ती नाक मुरडून करतो. आक्का हौसेनं करायच्या. अठरा वर्षं पूर्ण झालेलं पोर रस्त्यात दिसलं की त्याला धरून फॉर्म भरायच्या. "माज्या रजिस्टरमधून ह्या रजिस्टरमधी," असं म्हणायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क अभिमान असायचा. सगळ्या यादीत त्यांच्या हातची खिचडी खाल्लेले निम्मे तरी निघाले असते.

आता विश्वनाथ आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा वाईट माणूस आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते हळू बोलायचे, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले हजर. खत-बियाणांचं दुकान, भरपूर जमीन, थोरला मुलगा घरची शेती बघायचा, धाकटे दोघे पुण्याला संगणकाच्या नोकरीत. त्या साली त्यांनी सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलं. गायरानावर सोलरचा प्रकल्प आणायचं एका कंपनीशी बोलणं चाललं होतं, आणि गायरानाचा सपाट भाग म्हणजे खालची गल्ली. जुने सरपंच म्हणत होते की घरं त्या लोकांच्या नावावर करून देऊ. बाकी गाव निम्मं-निम्मं होतं. म्हणजे खालची गल्ली ज्या बाजूला, सरपंच त्या बाजूचा. त्या लोकांकडं शेत नव्हतं, दुकान नव्हतं, तालुक्यात कुणाची ओळख नव्हती. घर वाचवायला त्यांच्याकडं मत तेवढं होतं.

दिवाळी झाली, गल्ली नेहमीप्रमाणं हैदराबादला गेली, दारांना कुलपं लागली. आणि पंधरा दिवसांत तालुक्याच्या ऑफिसातून आक्कांकडं हरकतींचा गठ्ठा आला. नाव वगळावं असे अर्ज. सगळे खालच्या गल्लीतल्या लोकांबद्दल, सगळ्यांवर एकच कारण: गावात राहत नाहीत. सह्या वेगवेगळ्या माणसांच्या होत्या, अक्षर एकाच हातचं. आप्पा जेवताना त्यांना म्हणाले होते, "वहिनी, ही माणसं हद्दीपलीकडची. यांचं हिकडं काय हाय? नियमानं हुईल ते हुईल, तुमी फकस्त खरं लिवा." हे मला आक्कांनीच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "भाऊजी बरोबरच बोलले की. खरंच लिवायचं हाय."

आठवडाभर त्या घरोघरी फिरल्या. कुलपांचे फोटो काढले, दारांवर नोटिसा डकवल्या. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन लावले. महेबूबचा फोन त्यांनी माझ्यासमोर केला. तो विचारत होता, आक्का, चौकशीला यावं लागेल का? आक्का म्हणाल्या, "अरे कशाला येतोस? येणं-जाणं दोन दिवस, काम बुडंल. मी हाय की. मी लिवते, मतदानाला ये म्हंजे झालं." आणि मग एकेक करून गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी हेच कळवलं, की यायची गरज नाही. माणसांची मजुरी वाचवली म्हणून त्या खूश होत्या.

माहिती मोबाईलमधल्या ॲपवर भरायची होती. आक्कांना बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून शाळा सुटल्यावर त्या सांगायच्या आणि मी त्यांच्या फोनवर भरायचो. प्रत्येक नावाला एक पर्याय निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. आढळले, मयत, दुबार, स्थलांतरित. कामाला गेलेत, येणार आहेत, असा पर्याय नव्हता. मी सगळे वाचून दाखवले. आक्का म्हणाल्या, "ह्यातलं एकबी न्हाई की." मी म्हणालो, पहिला लावू का? त्या म्हणाल्या, "घरात नसताना 'आढळले' कसं लिवायचं? खोटं हुईल." मग मी म्हणालो की स्थलांतरित लावू, आणि खाली शेऱ्याचा रकाना आहे त्यात तुम्ही सांगाल ते लिहू. त्यांना ते पटलं. त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं एकेकाचा शेरा सांगितला, मी टाईप केला: 'मिस्त्रीकामासाठी हैदराबादला. घर इथेच. रमजानला येणार.' 'आईवडील, दोन मुलं सोबत. पावसाळ्यात येणार.' महेबूबच्या नावापुढं त्यांनी हैदराबादच्या साइटचा पूर्ण पत्तासुद्धा घालायला लावला, म्हणजे ऑफिसला खात्री करता येईल.

मधेच त्या थांबल्या. "भाऊजींची धाकटी दोनी पोरं पुण्याला हायत. धा वर्सं झाली. त्येंचं काय लिवायचं?"

"त्यांच्यावर हरकतच नाही, आक्का."

"कामून न्हाई?"

"कुणी घेतली नाही म्हणून. आणि घर उघडं आहे."

दिराच्या घरात राहून दिराच्या पोरांवर हरकत घ्यायची छाती त्यांच्यात नव्हती, माझ्यात तर नव्हतीच. मग त्यांनी विचारलं, "सर, ते खालचं वाचतील का?"

"वाचतील की," मी म्हणालो. मला घरी जायचं होतं. पुढचे सगळे अर्ज मी भराभर भरले, प्रत्येक नावावर तेच बोट, तोच पर्याय, आणि सगळ्यात शेवटी पाठवा. सही म्हणून आक्कांच्या फोनवर आलेला आकडाही मीच टाकला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नवी यादी आली तेव्हा आक्का चष्मा लावून शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. पानामागून पान उलटत होत्या. मी वर्गात होतो. बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आलो तर त्या यादीचा शेवटचा कागद हातात धरून तशाच बसलेल्या. खालची गल्ली यादीत नव्हती. म्हातारी रशीदाबी राहिली होती, कारण ती कुठंच जात नसे, आणि दोन-तीन घरं. आप्पांची पुण्याची दोन्ही मुलं होती, त्यांच्या बायकाही होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्का पेटीतली निम्मी रजिस्टरं गाठोड्यात बांधून तालुक्याला निघाल्या. मी सोबत गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली. आक्कांनी गाठोडं त्यांच्या टेबलावर सोडलं आणि वाचायला सुरुवात केली. "हे बगा. महेबूब खाजासाब शेख. जन्म कोटमाळ. वजन दीड किलो. हे त्याचं सहा महिन्याचं. ही त्याची भईन. हे तिचं लेकरू, तेबी इथलंच." साहेबांनी दोन पानं ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाई, हे वजनाचं रजिस्टर आहे."

"हाव. माणूस असल्याबिगर वजन भरतंय व्हय?"

बाहेरचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी संगणक फिरवून दाखवला. प्रत्येक नावापुढं स्थलांतरित, आणि पडताळणी करणारी म्हणून आक्कांचं नाव. नोटीस डकवली होती, मुदतीत कुणी हजर राहिलं नव्हतं. "तुम्हीच तर लिहून दिलंय. हैदराबादचा पत्तासुद्धा तुम्हीच दिलाय. आता या निवडणुकीसाठी यादी गोठली, माझ्या हातात काही नाही. पुढच्या वेळी नव्यानं अर्ज करायला सांगा." आक्का म्हणाल्या, "पर त्याच्याखाली मी लिवलं होतं की, येणार हायत म्हणून." साहेबांनी शोधलं. एका टिचकीनं उघडणाऱ्या चौकोनात तो शेरा होता. त्यांनी तो वाचला, तोंडातल्या तोंडात, आणि चौकोन बंद केला.

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हणालो की चूक माझीही आहे. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "सही माजी हाय," एवढंच म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी हैदराबादहून दोन टेम्पो भरून गल्ली आली. रात्रभराचा प्रवास करून आलेली माणसं, धुळीनं पांढरी झालेली, पण नवे कपडे घालून. आधीच का कळवलं नाही, असं कुणी विचारेल. आक्कांनी कळवलं होतं. महेबूबला फोनवर सगळं सांगितलं होतं. पण त्या लोकांचा विश्वासच बसला नाही. आक्का असताना आपली नावं जातील कशी, काहीतरी घोळ असेल, गेल्यावर सापडतील, असं म्हणून ते आले. ओळखपत्रं सगळ्यांकडं होती, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली.

शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून आक्का चिठ्ठ्या द्यायला बसल्या होत्या. वर्गखोल्या, पाणी, लाईट बघायचं काम माझ्याकडं असल्यामुळं मी आत-बाहेर करत होतो. महेबूब पहिला आला.

"आक्का, माझी चिठ्ठी."

"नाव न्हाई, महेबूब."

"ठीक से देखो ना आक्का. महेबूब खाजासाब."

"बघितलं. न्हाई. मी लिवलं त्याच्यावरून काढलं."

ऑफिसनं काढलं, हरकत अमक्यानं घेतली, ॲपमध्ये पर्याय नव्हता, यातलं त्या काहीही बोलू शकल्या असत्या. सगळं खरं होतं. मास्तरांनी भरलं, हेही खरं होतं, आणि मी दहा पावलांवर पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. मला वाटलं आता त्या माझ्याकडं बोट करतील. मी घाबरलो होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यांनी मान वर केली नाही. पुढचा माणूस आला, त्यालाही त्या तेच म्हणाल्या. त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येकाला नाव घेऊन, बसून, एकेक करून. रांग संपायला तास गेला.

रुखसाना कडेवर पोर घेऊन शेवटी आली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्हीच बोल्ल्या ना आक्का, यायची गरज न्हाई. हम आने को तयार थे." आक्कांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले. "हाव. मीच बोलले."

आप्पा निवडून आले. फरक फार नव्हता. आलेल्या दोन टेम्पोंतला एक जरी आत गेला असता तरी पुरे होता. निकालाच्या दुपारी मिरवणूक निघाली, डीजे लावलेला. घरांचं काय होतं ते कळावं म्हणून गल्लीतले काही जण निकालापर्यंत थांबले होते, त्यांचा टेम्पो ओढ्याच्या पुलापाशी भरत होता. मिरवणूक अंगणवाडीसमोर आली तेव्हा आप्पा खाली उतरले, आत गेले आणि वहिनींना हाताला धरून बाहेर घेऊन आले. त्यांच्या खांद्यावर शाल घातली. माईकवर म्हणाले, "हा विजय आमच्या वहिनींचा हाय!" पोरांनी गुलाल उधळला. आक्कांच्या कपाळावरची विभूती त्याखाली दिसेना. त्या काहीतरी बोलत होत्या, जोरजोरानं, हात हलवून. डीजेच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. पुलावरून मात्र सगळं दिसत होतं. टेम्पोत उभी असलेली रुखसाना बघत होती, आणि मग टेम्पो निघाला.

आप्पांनी हे मुद्दाम केलं की खऱ्याच कौतुकानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तर वाटतं त्यांना खरोखर कौतुक वाटलं होतं.

शिमग्यानंतर गायरानावर मशीन आलं. नोटिसा रीतसर दिल्या होत्या, कुलूप लावलेल्या दारांवर. कागद सगळे बरोबर होते. घरं पाडायला दोन दिवस पुरले. रशीदाबीला तिच्या पुतण्यानं देगलूरला नेलं. बाकीच्यांनी परत येऊन आपापली पत्र्याची पानं, चौकटी, भांडी गोळा केली आणि ते गेले ते गेलेच. त्यांच्यापैकी कुणी अंगणवाडीकडं फिरकलं नाही. आक्का ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. महेबूबच्या म्हातारीनं त्यांना पाहून तोंड फिरवलं, असं मदतनीस बाईंनी मला सांगितलं. अंगणवाडीत आता मोजकी पोरं उरली, सगळी वरच्या गल्लीतली. वजनं व्हायची, पण रांग लावायची आक्कांनी सोडून दिली. पोरं वाटेल तिथं बसायची.

त्या ईदला आक्का एकट्या हैदराबादला जाऊन आल्या. महेबूबची साइट शोधून काढली, नव्या अर्जाचे फॉर्म सोबत घेऊन गेल्या होत्या. काय झालं ते त्यांनी फार सांगितलं नाही. कुणी शिवी दिली नाही. महेबूबनं खुर्ची आणून दिली, चहा दिला, मुकादमाला सांगितलं की या आमच्या गावच्या बाई. फॉर्म मात्र घेतला नाही. म्हणाला, आक्का, आता कुठला पत्ता लिहू? "त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं सर," आक्का म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना कुणावर रागावताना ऐकलं नाही, चारांपैकी एकाही भाषेत.

पुढच्या जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि यादीचं काम माझ्याकडं आलं. पडताळणी सुरू झाली तेव्हा आलेल्या अर्जांत एक अर्ज मोठ्या, गोल अक्षरातला होता. शिवकांता यांचं नाव वगळण्यात यावं. कारण: या गावात राहत नाही. अर्ज करणारीचं नाव: शिवकांता. सही तीच.

मी आप्पांच्या घरी गेलो. आक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या वर्षात फार वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी पाट सरकवला, पण जेवलात का असं विचारलं नाही.

"आक्का, हे काय लिहून दिलंत?"

"हरकत हाय. चवकशी करा."

"तुम्ही तर माझ्यासमोर बसलाय."

"बसले हाय. राहत न्हाई."

मी त्यांना समजावू लागलो. नियम सांगितला, माणूस समोर असताना मला नाव काढता येत नाही, वरून विचारणा होईल. मत कुणालाही देऊ नका हवं तर, पण नाव राहू द्या. मी पुष्कळ बोललो. शेंगा सोलणारे हात थांबले.

"तवा म्या तुमाला इचारलं होतं सर. ते खालचं वाचतील का म्हणून."

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही काढलं नव्हतं. ना तालुक्याला, ना फाटकाबाहेरच्या टेबलाशी, ना एसटीत.

"माज्या एका सहीनं सगळी गल्ली निघाली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नसल्यासारखं विचारत होत्या. "मंग माजं एकटीचं कामून निघंना?"

महिनाभरात माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली आणि पुन्हा त्यांची भेट झाली नाही. त्या दिवशी मी खिशातून फोन काढला, त्यांचं नाव उघडलं. पर्याय तेच होते. मी 'आढळले' वर बोट ठेवलं. आक्का माझ्या बोटाकडं बघत होत्या.